आकांडतांडव आणि कपाळावरचं टेंगूळ

लहान मुलाच्या रागासाठी मराठीत शब्दांची कमी नाही. किरकिर, पिरपिर, आदळआपट, थयथयाट, आकांडतांडव. मूल भोकाड पसरतं, हातपाय झाडतं, अंग टाकून देतं, गडाबडा लोळतं. इतके बारीक भेद करणाऱ्या भाषेनं मुलांना फार जवळून पाहिलेलं आहे. या शब्दांत वैताग आहे तसा समजूतदारपणाही आहे. 'थयथयाट' म्हणताना आजी अर्धी हसत असते. पण तेच मूल फरशीवर कपाळ आपटू लागलं, स्वतःच्या थोबाडीत मारून घेऊ लागलं, मनगटाला कडकडून चावलं किंवा रडता रडता निळं पडलं, की घरातलं हसू थांबतं. घाबरलेल्या घराला मग दोनच गोष्टी सुचतात. मागेल ते हातात द्यायचं, नाहीतर पाठीत एक ठेवून द्यायची.

दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलाचं हे वागणं बहुतेक वेळा हट्टही नसतो आणि धमकीही नसते. मुलाच्या शरीरात काहीतरी चाललेलं असतं, ते सांगायला त्याच्याकडे शब्द नसतात, आणि ते समजून घेण्याआधीच आपण त्याला शिस्त लावायला निघतो. क्रम उलटा करायला हवा.

आधी घड्याळाकडे पाहू. १९३१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी ४५ मुलांच्या पालकांकडून घरच्या घरी नोंदी ठेवून घेतल्या : मूल केव्हा चिडलं, कशावरून, किती वेळ, आणि मोठ्यांनी काय केलं. त्या वह्यांत दिसलेली गोष्ट आजही कुठल्याही घरात दिसेल. रागाचा जोर दुसऱ्या वर्षात सर्वांत जास्त असतो आणि मग ओसरतो. जेवणाच्या आधी, झोपेच्या सुमारास आणि आजारपणात तो हमखास वाढतो. पुढे २००३ साली मायकेल पोटेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड ते पाच वर्षांच्या ३३५ मुलांच्या रागाची पालकांनी सांगितलेली तपशीलवार वर्णनं तपासली. सर्वांत जास्त आढळलेला कालावधी होता अर्धा ते एक मिनिट. चारातले तीन थयथयाट पाच मिनिटांच्या आत संपले होते. आणखी एक बारकावा त्यात आहे : पहिल्या अर्ध्या मिनिटातच जे मूल पाय आपटतं किंवा जमिनीवर लोळण घेतं, त्याचा राग लवकर संपण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे जे दृश्य पाहून आपला धीर सुटतो, तिथे बहुधा रागाचा कळस होऊन गेलेला असतो.

याच अभ्यासातून दिसलं, की थयथयाटात दोन भावना एकमेकींत गुंफलेल्या असतात. राग सुरुवातीलाच भडकतो आणि उतरू लागतो. दुःख मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत असतं. म्हणूनच मघाशी आईला ढकलणारं मूल थोड्या वेळानं हुंदके देत तिच्याच कुशीत शिरतं. त्याला 'नाटक' म्हणणं अन्यायाचं आहे. राग गेला आणि दुःख उरलं, एवढंच झालेलं असतं. रागाचा भर असताना समजावणं, 'काय झालं? काय हवंय? असं करतात का?' असे प्रश्न विचारत राहणं निरुपयोगी असतं. त्या क्षणी मूल बोलणं पचवू शकत नाही. प्रत्येक प्रश्न त्याला आणखी एक धक्का वाटतो. जवळ बसावं, कमी बोलावं, त्याला लागणार नाही एवढं पाहावं. हुंदके सुरू झाले की मांडी मोकळी ठेवावी.

ज्या कपाळाला टेंगूळ येतं, त्याच कपाळामागे मेंदूचा तो भाग असतो जो आवेग आवरतो, थांबायला शिकवतो, 'आत्ता नाही, नंतर' हे पेलतो. तो पूर्ण पक्व व्हायला वयाची साधारण पंचविशी उजाडते. दोन वर्षांच्या मुलात राग पेटवणारी यंत्रणा तयार असते, ब्रेक मात्र अजून बसवायचे असतात. त्यातच दीड वर्षाच्या आसपास मुलाला 'मी' सापडतो. आरशातलं मूल आपणच, हे त्याला याच सुमारास कळू लागतं, आणि मग दिवसभर 'मी कलनाल' सुरू होतं. चप्पल मी घालणार, दिव्याचं बटण मी दाबणार, पोळीचा तुकडा मी तोडणार. दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडी मोजकेच शब्द असतात, पण त्याला समजणारी भाषा त्याच्या कितीतरी पट असते. 'तू माझ्याआधी बटण दाबलंस, आता ते परत होणार नाही, आणि मला फार वाईट वाटतंय' हे सगळं त्याच्या पोटात असतं, ओठांवर 'नाऽऽही' एवढंच येतं.

आता डोकं आपटण्याकडे वळू. त्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले तर अर्धी भीती तिथेच जाते.

पहिल्यात राग नसतो. झोप येताना किंवा मध्यरात्री अर्धवट जाग आल्यावर मूल उशीवर, पाळण्याच्या कठड्यावर, भिंतीवर ठरावीक तालात डोकं आपटतं, मान हलवत राहतं किंवा गुडघ्यांवर बसून झुलतं. आपण बाळाला पाळण्यात झोके देतो, पाय लांब करून त्यावर हलवतो, थोपटतो. तोच ताल ते स्वतःला देत असतं. स्वीडनमधल्या मुलांच्या एका जुन्या पाहणीत नऊ महिन्यांच्या ५९ टक्के बाळांमध्ये झोपेच्या वेळची अशी कुठली ना कुठली तालबद्ध हालचाल दिसली होती. पाच वर्षांच्या मुलांत ती ५ टक्क्यांवर आली होती. डोकं आपटणारी मुलं यापेक्षा कमी, पण तीही विरळा नाहीत. पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात हे सुरू होतं, मुलग्यांत जास्त दिसतं आणि बहुतेकांत चौथ्या वर्षापर्यंत आपोआप थांबतं. एरवी निरोगी असलेलं मूल यातून स्वतःला गंभीर इजा करून घेत नाही. अंथरूण भिंतीपासून लांब घ्या, पाळण्याचे स्क्रू घट्ट करा, गादी जमिनीवर घातली तरी चालेल. वर्षाच्या आतल्या बाळाभोवती मात्र उशा रचू नका. डोक्याला लागण्यापेक्षा त्यात श्वास गुदमरण्याचा धोका मोठा आहे.

कधी कधी कारण कानात असतं. सर्दी होऊन गेल्यावर मूल एकाएकी डोकं आपटू लागलं, एकच कान चोळू किंवा ओढू लागलं, आडवं केलं की जास्त रडू लागलं, ताप आला, तर कान तपासून घ्या. कानात कोमट तेल घालण्याची आपल्याकडची सवय इथे घातक ठरते. आत पू असेल, पडदा फाटलेला असेल, तर तेलानं नुकसानच होतं.

दुसरा प्रकार रागातला. मूल आईकडे पाहत कपाळ फरशीवर आपटतं. इथे करायची गोष्ट छोटी आहे. धावत, ओरडत जाऊ नका. कपाळ आणि फरशी यांच्यामध्ये आपला तळहात किंवा गोधडीची घडी सरकवा, नाहीतर मुलाला अलगद उचलून चटईवर ठेवा. चेहरा शक्य तितका सपाट ठेवा. 'डोक्याला लागू देणार नाही मी तुला' हे एकच वाक्य पुरे. मूल स्वतःला चावत असेल तर हात ओढू नका, त्या जागी कापडाची घडी येऊ द्या.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर मला जास्त बोलायचं आहे : रडता रडता श्वास कोंडणं. मूल पडतं किंवा त्याच्या हातातलं काही काढून घेतलं जातं. ते एक मोठा हंबरडा फोडतं, श्वास बाहेर जातो आणि पुढचा आतच येत नाही. तोंड उघडं, आवाज नाही. ओठ निळे पडतात, अंग ताठ किंवा ढिलं होतं, काही मुलं क्षणभर बेशुद्धही होतात. काही मुलं निळी न पडता एकदम पांढरीफटक पडतात. हे जास्त करून अचानक लागल्यावर किंवा दचकल्यावर होतं. मग शरीर आपोआप श्वास घेतं आणि मूल भानावर येतं. सगळं मिळून बहुधा मिनिटभराच्या आत. पण ते मिनिट पाहिलेल्या आईला ते जन्मभर विसरता येत नाही.

मूल हे मुद्दाम करत नाही. 'श्वास धरून बसतो, मला घाबरवतो' हे खरं नाही; ती अनैच्छिक प्रतिक्रिया आहे. अशा वेळी कांदा हुंगवणं, तोंडावर पाण्याचा सपकारा मारणं, दात उघडायला चमचा घालणं आणि घाबरून मुलाला गदागदा हलवणं, यांतलं काहीही करू नये. हलवणं तर कधीच नाही. लहान मुलाची मान कमजोर असते आणि झटक्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. कुशीवर झोपवा, तोंडात घास असेल तर तो बाहेर येऊ द्या, आजूबाजूची गर्दी हटवा आणि घड्याळ पाहा. मीठ-मोहऱ्या ओवाळून आजीच्या जिवाला बरं वाटत असेल तर ओवाळू द्या. धुरी मात्र देऊ नका.

बरीच घरं इथेच थांबतात. डॉक्टर 'मोठा झाला की जाईल' म्हणतात आणि ते बहुतांशी खरंही असतं; शाळेच्या वयापर्यंत हा त्रास बहुतेकांत मावळतो. पण एक तपासणी राहून जाते. अशा मुलांत रक्तातलं लोह कमी असण्याचं प्रमाण मोठं आहे. १९९७ साली जॉर्डनमधल्या बालरोगतज्ज्ञांनी श्वास कोंडणाऱ्या ६७ मुलांचे दोन गट केले. एकाला लोहाचं औषध दिलं, दुसऱ्याला दिसायला तसंच पण औषध नसलेलं द्रावण. लोह मिळालेल्या गटात ८८ टक्के मुलांचा त्रास लक्षणीय कमी झाला, दुसऱ्या गटात जेमतेम ६ टक्क्यांचा. लोह फक्त रक्तासाठी लागतं असं नाही. मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं तयार करायलाही ते लागतं, आणि लोह कमी असलेलं मूल एरवीही चिडचिडं, मरगळलेलं असतं. काही जण माती, खडू खातात.

आता हे आपल्या दाराशी आणून ठेवू. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७.१ टक्के भारतीय मुलांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्राचा आकडा ६८.९ टक्के, देशाच्या सरासरीहून जास्त. दर तीन मुलांतली दोन. या राज्यात 'हट्टी', 'तापट', 'आजोबांवर गेलाय' म्हणून सोडून दिलेल्या किती मुलांचं हिमोग्लोबिन कधीच पाहिलेलं नसेल! मला हा आकडा वाचून राग येतो, कारण उपाय महाग नाही. अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचं सिरप देण्याची तरतूद आहे. त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. आशाताईंकडे ते मिळतं. शी काळी होते म्हणून बरीच घरं बाटली फडताळात मागे सारतात. काळ्या शीनं काही बिघडत नाही. मात्र रक्तक्षय मोठा असेल तर डोस वेगळा लागतो. तो डॉक्टरांनी ठरवायचा, मनानं वाढवायचा नाही, आणि बाटली मुलाच्या हाती लागू द्यायची नाही, कारण जास्त लोह विषारी असतं.

जेवणाचंही पाहा. 'काही खात नाही, दूध तरी पितो' म्हणून दिवसभर बाटली हातात असलेलं मूल गुटगुटीत दिसतं आणि आतून लोहाला मुकलेलं असतं. दुधात लोह जवळजवळ नसतं आणि पोट मात्र भरतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध नको. डाळ-भातावर लिंबू पिळा, नाचणी, पालेभाज्या, अळीव, आणि घरात चालत असेल तर अंडी, मासे, मटण द्या. चहा पाजू नका, घोटभरही. तो लोह शोषू देत नाही.

शरीराचं पाहून झालं, आता घराचं. सुरुवातीला कारण काहीही असो, मूल हुशार असतं. डोकं आपटलं की मोबाइल मिळतो, हे ते दोन-तीन वेळांत शिकतं. त्यातही सर्वांत पक्की सवय लागते ती कधी मिळून आणि कधी न मिळून. आई नाही म्हणाली, बाबाही नाही म्हणाले, पण आजोबांनी 'असू दे गं, लेकरू डोकं फोडून घेईल' म्हणत हातात ठेवलं. झालं. आता पुढच्या वेळी मूल दुप्पट जोरानं प्रयत्न करणार. म्हणून घरातल्या सगळ्या मोठ्यांचं एकमत पाहिजे, आणि ते मूल झोपल्यावर बसून ठरवायला हवं. ज्या गोष्टीला 'हो' म्हणायचं ती पहिल्याच मागणीला द्या. 'नाही' म्हणायचं ती डोकं आपटल्यावर देऊ नका. हे सुरू केलं की पहिले काही दिवस आकांडतांडव वाढतं. इथेच बहुतेक घरं हरतात, कारण त्यांना वाटतं उपाय उलटला. तो उलटलेला नसतो. जुनी चावी लागत नाही म्हणून मूल ती जोरानं फिरवून पाहत असतं.

पण नुसतं न देणं पुरेसं नाही, कारण मागायला दुसरा मार्ग मुलापाशी नसतो. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या मानसशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. विकासात अडचणी असलेल्या चार मुलांचं त्रासदायक वागणं त्यांनी आधी बारकाईनं पाहिलं. काही जण काम अवघड झालं की ते करत, काही जण मोठ्यांचं लक्ष गेलं की. मग प्रत्येकाला त्याच्या गरजेचं एक वाक्य शिकवलं : मदत मागण्याचं किंवा कौतुक मागण्याचं. वाक्य आलं आणि वागणं घटलं. घरी हे करणं अवघड नाही. 'दे', 'नको', 'पुरे', 'उचल', 'मदत कर' हे पाच शब्द किंवा त्यांच्या खुणा शांत वेळी, खेळता खेळता, दिवसातून वीसदा म्हणा. डब्याचं झाकण घट्ट लावून मुलाच्या हाती द्या, ते कुरकुरायच्या आत 'मदत कर' म्हणून दाखवा आणि लगेच उघडून द्या. हात पुढे करून पंजा उघडण्याची खूणही चालेल. भर रागात हे शिकवता येत नाही. पोहणं बुडताना शिकवता येत नाही, तसंच.

मोबाइल हातात दिला की मूल गप्प होतं, यात शंका नाही. पण शांत होण्याचा सराव राहून जातो, तो पुढच्या वेळीही येत नाही. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे.

मारण्याबद्दल एवढंच, की ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला, तेव्हापासून आपल्याकडे ही मंडळी सांगत आली, की मुलाला भय नको आणि आमिषही नको. पुढे ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांवर हे करून दाखवलं. पाठीत धपाटा आणि हातात चॉकलेट ही घाबरलेल्या घराची दोन्ही हत्यारं त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच खाली ठेवली. आणि आई म्हणून, बाप म्हणून हात उठेलसं वाटलं, तर मुलाला सुरक्षित जागी ठेवून दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत जाणं हा पळपुटेपणा नाही. दोन खोल्यांच्या घरात, दिवसभर एकट्यानं मूल सांभाळणाऱ्या बाईला 'तूच लाडावून ठेवलंस' म्हणण्यापेक्षा अर्धा तास मूल उचलून बाहेर न्या.

थोड्या मुलांच्या बाबतीत मात्र वाट पाहू नये. २००८ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे अँडी बेल्डन, जोन लूबी आणि सहकाऱ्यांनी तीन ते सहा वर्षांच्या २७९ मुलांचा अभ्यास करून धोक्याच्या खुणा मांडल्या : दर वेळी सरासरी २५ मिनिटांहून जास्त चालणारा थयथयाट, दिवसात पाच-पाच वेळा येणारा, वारंवार माणसांवर किंवा वस्तूंवर हल्ला, वारंवार स्वतःला इजा, आणि कुणीतरी शांत केल्याशिवाय शांतच न होणं. त्यापेक्षा लहान मुलात वेगळ्या खुणा पाहा. नाव घेतल्यावर ते वळत नाही, बोटानं दाखवत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, दीड वर्षाला एकही शब्द नाही, आलेले शब्द गेले. आणि त्याबरोबर डोकं आपटणं, स्वतःला चावणं आहे, तर स्वमग्नता, ऐकण्यातला दोष किंवा विकासातली दुसरी अडचण आहे का हे पाहायला हवं. जखम होऊनही जे मूल थांबत नाही, ओठ-बोटं चावून रक्त काढतं, त्याला लगेच दाखवा. श्वास कोंडण्याचा प्रकार रडण्याशिवाय, धावताना किंवा झोपेत झाला, सहा महिन्यांच्या आत सुरू झाला, नंतर मूल बराच वेळ गुंगीत राहिलं, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल, तर हृदयाचा आलेख आणि फिट्सची तपासणी हवीच. डॉक्टरकडे जाताना त्या प्रसंगाचा मोबाइलवरचा व्हिडिओ न्या. दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा तो उपयोगी पडतो.

हे सगळं शहरातल्या खासगी दवाखान्यांपुरतं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरमधूनच झाली. त्याचं वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडीत येतं; रक्तक्षय, कान, बोलणं, वाढ, विकास हे सगळं पाहणं त्याचं काम आहे, आणि गरज पडल्यास ते मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. तुमच्या अंगणवाडीत हे पथक पुन्हा कधी येणार, हे उद्या सेविकाताईंना विचारा आणि त्या दिवशी मुलाला घेऊन जा. तपासणीला पैसे लागत नाहीत.